विज्ञानाचा लेख विकिपीडियावर टिकत नाही तेव्हा: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि थांबायची जागा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठी विकिपीडियावर विज्ञानाचा लेख लिहिण्याचा उपक्रम आता नवा राहिलेला नाही, आणि त्यासोबत येणारी तक्रारही नवी राहिलेली नाही. विद्यार्थी रात्री लेख टाकतो, वर्गाच्या गटावर त्याचा दुवा पाठवतो, आणि सकाळी शिक्षक दुवा उघडतात तेव्हा तिथे काहीच नसते, किंवा असते ते त्याने लिहिलेले नसते. असे लेख पुन्हा उभे करून देण्याचे काम माझ्याकडे वारंवार येत असल्यामुळे, मी ज्या क्रमाने तपासणी करतो तो क्रम येथे मांडत आहे. माझा अनुभव असा, की दोष विज्ञानात क्वचित असतो आणि मराठीत त्याहून क्वचित. बहुतेक वेळा लेखातील विधान वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल अशा रीतीने मांडलेले नसते, एवढाच दोष असतो. तरीही तपासणीची सुरुवात तिथून करू नये. पाच मिनिटांच्या, बिनखर्चाच्या गोष्टी आधी पाहाव्यात, कारण संदर्भांसाठी ग्रंथालयात दोन दिवस घालवल्यावर खरे कारण शीर्षकातील एका अक्षरात होते असे निघाले, तर तो वेळ परत मिळत नाही.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे पान पूर्ण नाहीसे होणे. दुवा लाल दिसतो आणि तो उघडला की या शीर्षकाचे पान वगळल्याची नोंद दिसते. दुसरे लक्षण असे, की पान जागेवर असते, पण तुम्ही घातलेले परिच्छेद नसतात. म्हणजे तुमचे संपादन कोणीतरी उलटवलेले असते. तिसऱ्या प्रकारात मजकूर शाबूत असतो, पण लेखाच्या डोक्यावर संदर्भ नसल्याचा, प्रताधिकारभंगाचा (कॉपीराइट मोडल्याचा) संशय असल्याचा किंवा पान काढण्याची सूचना देणारा साचा (तयार सूचनापट्टी) लागलेला असतो. चौथ्यात ‘प्रकाशित करा’ दाबल्यावर इशारा येतो आणि मजकूर साठवलाच जात नाही. पाचवे लक्षण लेखाचे नसून लिहिणाऱ्याचे असते: खाते उघडत नाही, किंवा संगणक प्रयोगशाळेतील एकाही यंत्रावरून संपादन करता येत नाही.

ही लक्षणे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. ‘लेख उडवला’ हे एकच वाक्य विद्यार्थी या पाचही प्रसंगी वापरतात, आणि ऐकणारा प्रत्येक वेळी वेगळेच समजतो.

आधी इतिहास वाचावा

लेखाच्या वर ‘इतिहास पहा’ असा पर्याय असतो. त्यात प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, किती बाइट्सनी मजकूर वाढला वा घटला आणि बदल करणाऱ्याने कोणते कारण नोंदवले, हे ओळीने दिसते. उलटवणाऱ्याने बहुधा तिथेच दोन-तीन शब्दांत कारण लिहिलेले असते: ‘संदर्भ नाही’, ‘नकल-डकव’, ‘यंत्रभाषांतर’, ‘दुहेरी लेख’. पान वगळले असेल तर हेच कारण वगळल्याच्या नोंदीत मिळते. त्यानंतर लेखाचे चर्चापान आणि तुमचे स्वतःचे सदस्य-चर्चापान पाहावे. पुष्कळ विद्यार्थ्यांना आपल्या नावाने असे एक पान आहे आणि तिथे कोणीतरी निरोप ठेवला आहे, हेच ठाऊक नसते.

ही तपासणी सर्वांत स्वस्त असूनही तीच सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. विद्यार्थी न वाचताच तोच मजकूर पुन्हा टाकतो, तो पुन्हा काढला जातो, आणि तिसऱ्या फेरीला नवे बदल तपासत पहारा देणाऱ्या सदस्याच्या लेखी तो नवखा राहत नाही, त्रासदायक ठरतो. कारण समजल्याशिवाय पुन्हा प्रकाशित करू नये, ही या संपूर्ण क्रमातली एकमेव सक्त सूचना आहे.

खाते, जोडणी आणि यंत्र

आपण आपल्या खात्यात प्रवेश करून लिहीत होतो का, हे इतिहासातील नावावरून कळते. महाविद्यालयाच्या किंवा विज्ञान मंडळाच्या नावाने एकच खाते काढून ते सगळ्यांनी वापरायचे, ही पद्धत चालत नाही. एक खाते एका माणसाचे असावे, असा दंडक आहे. खाते उघडत नसेल आणि सगळा वर्ग एकाच वेळी प्रयोगशाळेत बसलेला असेल, तर कारण जवळजवळ निश्चित असते: एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर जोडणी ओळखणाऱ्या क्रमांकावरून) चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात, आणि महाविद्यालयाची सारी यंत्रे बाहेरून एकाच पत्त्याची दिसतात. सातव्या विद्यार्थ्याला नकार मिळतो आणि तो समजतो की आपल्यावर बंदी आली. उपाय सोपा आहे. खाती आदल्या दिवशी घरून, ज्याच्या त्याच्या फोनवरून उघडून यावे, किंवा कार्यशाळा मोठी असेल तर त्या दिवसापुरती ही मर्यादा शिथिल करण्याची विनंती आधीच नोंदवावी.

आमच्याकडे पावसाळ्यात आणखी एक साधे कारण असते. वीज जाते, राउटर बंद पडतो, आणि तासभर उघडे राहिलेले संपादन साठवायला गेल्यावर सत्राची माहिती हरवल्याचा संदेश येतो. लेख कोणी काढलेला नसतो. तो कधी पोहोचलेलाच नसतो. मजकूर आधी स्वतःच्या यंत्रावर एका साध्या फाइलीत ठेवावा आणि मग आपल्या धूळपाटीवर (सरावासाठीच्या आपल्या पानावर) चढवावा. धूळपाटीवरील कच्चा मजकूर सहसा कोणी हलवत नाही. मात्र प्रताधिकाराचा नियम तिथेही लागू असतो.

शीर्षक आणि टंकन

लेख आधीच अस्तित्वात असेल तर दुसरा लेख वगळला जातो, आणि ते योग्यच आहे. अडचण अशी, की आधीचा लेख शोधूनही सापडत नाही. हेलियम हा शब्द हेलिअम, हीलियम असाही लिहिला जातो. किनाऱ्यावरच्या वनाला कोणी कांदळवन म्हणतो, कोणी खारफुटी, आणि खाडीकाठचा माणूस नुसते तिवर म्हणतो. म्हणून सर्व पर्यायी नावांनी शोध घ्यावा, आणि मुख्य लेख एका नावाने ठेवून बाकीची नावे त्याच्याकडे पुनर्निर्देशित करावीत.

याहून फसवा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲल्युमिनियम’ या शब्दातील पहिले अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत) एक स्वतंत्र चिन्ह म्हणून टंकता येते, तसेच ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देऊनही टंकता येते. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र देखील दोन वेगळ्या प्रकारांनी साठवला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, त्यामुळे असलेला लेख सापडत नाही आणि दुहेरी लेख तयार होतो. शंका आली तर शीर्षक हाताने पुन्हा टंकू नये. विकिपीडियावरच्याच एखाद्या जुन्या लेखातून तो शब्द उचलून शोधाच्या चौकटीत टाकावा. मजकूर एखाद्या छपाईच्या दुकानातून जुन्या, बिगर-युनिकोड फाँटमध्ये टंकून आणला असेल, तर प्रकाशित झाल्यावर तो चिन्हांचा कचरा दिसतो आणि काही मिनिटांत वगळला जातो. त्यासाठी रूपांतरक मिळतात, पण रूपांतरानंतर जोडाक्षरे एकेक करून वाचून पाहावीच लागतात.

मजकूर कोणाचा आहे

येथून पुढच्या तपासण्यांना वेळ लागतो. लेखातून सात-आठ शब्दांचा एक तुकडा निवडावा, तो अवतरणचिन्हांत ठेवून इंटरनेटवर शोधावा, आणि असे चार-पाच ठिकाणी करावे. पहारा देणारे सदस्य नेमके हेच करतात, म्हणून आपण ते आधी केलेले बरे.

विद्यार्थ्यांच्या लेखांत सर्वाधिक नकल मराठी विश्वकोशातून येते. त्यात वाईट हेतू नसतो; विज्ञानावरचे इतके काटेकोर मराठी गद्य त्यांना दुसरीकडे सहज मिळत नाही, आणि सरकारी ग्रंथ म्हणजे सर्वांचा ग्रंथ अशी समजूत असते. ती समजूत कायद्याला धरून नाही. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ सालचा आहे, आणि त्यानुसार लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे, तर सरकारी प्रकाशनाच्या बाबतीत प्रकाशनानंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. विश्वकोशाचा पहिला खंडच १९७६ सालचा आहे. विकिपीडियावर मजकूर टाकताना तो श्रेय देऊन कोणालाही, अगदी व्यापारी कामासाठीही, वापरता येईल असा परवाना आपण देत असतो; जो मजकूर आपला नाही त्याचा परवाना आपण देऊच शकत नाही. खाली ‘स्रोत: विश्वकोश’ असे लिहिले तरी ही अडचण सुटत नाही, कारण श्रेय देणे वेगळे आणि परवानगी असणे वेगळे. नकल ओळखायला कधी कधी शोधही घ्यावा लागत नाही: विश्वकोशात संबंधित नोंदीकडे बोट दाखवणारा बाण कंसात छापलेला असतो, आणि नोंदीच्या शेवटी लेखकाचे आडनाव आधी घातलेले असते. तो बाण आणि ते आडनाव विद्यार्थ्याच्या लेखात जसेच्या तसे उतरलेले मी पाहिले आहे.

प्रताधिकार शब्दरचनेवर असतो, माहितीवर नसतो. म्हणून नोंद वाचून, पुस्तक मिटून, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या वाक्यांत लिहावे आणि नंतर आकडे तपासण्यासाठीच पुस्तक उघडावे. समोर नोंद ठेवून शब्दाला प्रतिशब्द बदलत जाणे म्हणजे नकलच होय, आणि ती वाचताना कळते.

इंग्रजी विकिपीडियाच्या लेखाचे भाषांतर करण्यास मात्र मुभा आहे. फक्त ते कोणत्या लेखावरून केले हे बदलाच्या सारांशात नोंदवावे. यंत्राने केलेले भाषांतर न वाचता टाकले तर ते राहत नाही. अलीकडे चॅटबॉटकडून लिहून घेतलेले लेखही येतात, आणि त्यांची खूण भाषेपेक्षा संदर्भांत सापडते: नियतकालिकाचे नाव खरे, लेखकाचे नाव खरे, पण तो लेख त्या अंकात नसतो. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय तो लेखात ठेवू नये. एक बनावट संदर्भ सापडला की उरलेल्या दहा खऱ्या संदर्भांवरचाही विश्वास जातो.

वाक्यागणिक आधार

बहुतेक प्रकरणे येथे येऊन थांबतात, म्हणून एक नमुना जवळून पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या कासवांवर लिहिताना विद्यार्थ्यांकडून साधारणपणे असा परिच्छेद येतो:

‘वेळासच्या निसर्गरम्य किनाऱ्यावर दरवर्षी हजारो कासवे अंडी घालायला येतात. आम्ही केलेल्या पाहणीत वाळूचे तापमान वाढल्यामुळे माद्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. आपण सर्वांनी कासवे वाचवली पाहिजेत.’

तीन वाक्ये आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी काढली जातात. पहिल्यातील ‘हजारो’ हा शब्द वेळासचा नाहीच. ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने एकाच वेळी किनाऱ्यावर येतात ती ओडिशातील गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या किनाऱ्यांवर, आणि कोकणात माद्या एकेकट्या, विखुरलेल्या येतात. विद्यार्थ्याने कुठेतरी ओडिशाविषयी वाचलेले वेळासला जोडले. दुसरे वाक्य कदाचित खरेही असेल, आणि पाहणी मनापासून केलेली असेल, पण जे संशोधन अन्यत्र प्रसिद्ध झालेले नाही ते विकिपीडियावर प्रथमच मांडता येत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा नियम सर्वांत अन्यायकारक वाटतो, कारण प्रयोगवहीत त्यांना याच्या नेमके उलटे शिकवलेले असते. त्यामागचे कारण असे, की विकिपीडियावर प्रयोग तपासणारा परीक्षक नाही. तिथे तपासता येते ते फक्त ‘हे दुसऱ्या कोणी तपासून छापले आहे का’ एवढेच. तिसरे वाक्य आवाहन आहे. ते शाळेच्या निबंधात शोभते.

त्याच परिच्छेदाची टिकणारी मांडणी अशी होते: ‘ऑलिव्ह रिडले कासवाची मादी भरतीरेषेच्या वर वाळूत खड्डा करून अंडी घालते. पिल्लाचे लिंग उबवणीच्या काळातील वाळूच्या तापमानावर ठरते; तापमान अधिक असल्यास माद्या अधिक निपजतात. ही जाती भारताच्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहे.’ यातील पहिल्या दोन वाक्यांना प्राणिशास्त्राचे पाठ्यपुस्तक किंवा आढावा-लेख चालतो, तिसऱ्याला अधिनियमाची अधिकृत प्रत. संदर्भ परिच्छेदाच्या शेवटी एकत्र न देता ज्या विधानाचा आधार आहे त्याच्या पाठीमागे द्यावा, म्हणजे एक विधान वादात सापडले तरी बाकीचे उभे राहते.

आधार कुठे शोधावा, हा पुढचा प्रश्न. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची प्रकाशने आंबा, काजू, कोकम या विषयांवर उपयोगी पडतात. जिल्ह्याचा भूगोल आणि जुनी वर्णने यांसाठी १८८० सालचा रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरचा खंड आहे, मात्र त्यातील विज्ञान त्या काळचे आहे हे धरून चालावे. वृत्तपत्रातील बातमी घटना घडल्याचा आधार ठरते, ती का घडली याचा सहसा ठरत नाही. इंग्रजी संदर्भ मराठी लेखात चालतात. ‘मराठीत संदर्भच नाहीत’ ही सबब म्हणून टिकत नाही.

छायाचित्रांविषयी थोडक्यात: स्वतः काढलेलेच चित्र, शक्यतो फोनमधील मूळ फाइल, विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर) चढवावे. व्हॉट्सॲपवर आलेले चित्र कोणी काढले हे सिद्ध करता येत नाही, आणि ते वगळले जाते.

सर्व काही नीट असूनही लेख उलटवला जातो तेव्हा

क्वचित असे होते की भाषा नीट, नकल नाही, संदर्भही दिलेला, तरीही तोच परिच्छेद वारंवार काढला जातो. येथे दावा आणि पुरावा यांचा खरा वाद असतो, आणि सिंधुदुर्गात त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे हेलियम.

विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी तेथून निरीक्षण करून हेलियमचा शोध लावला, असे परिसरात सांगितले जाते आणि त्या तारखेला किल्ल्यात हेलियम दिनही साजरा केला जातो. देवगडकडचा विद्यार्थी हेलियमवर लिहायला बसला की हे वाक्य लेखात येणारच, त्याला वृत्तपत्राचा संदर्भही असणार, आणि ते उलटवलेही जाणार.

कारण शोधाच्या इतिहासातील कागद वेगळे सांगतात. १८६८ च्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर जान्सन यांनी गुंटूरहून केले. मेजर टेनंट यांचे पथकही गुंटूरलाच होते आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, आणि ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे जान्सन यांच्या लक्षात आले. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी तेथूनच, ग्रहणाशिवाय, या ज्वालांचा वर्णपट पाहिला. सोडियमच्या डी-१ आणि डी-२ या जोडरेषांजवळची, सुमारे ५८७.५ नॅनोमीटर तरंगलांबीची पिवळी रेषा सोडियमची नाही हे ओळखून तिला डी-३ म्हटले गेले, आणि त्यामागे अज्ञात मूलद्रव्य असावे हा विचार पुढे आला. पृथ्वीवर हेलियम मिळवला तो विल्यम रॅमझी यांनी, १८९५ मध्ये, क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून.

मग विजयदुर्गाचा संबंध नाहीच का? आहे, आणि तो पक्का आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर स्वतः विजयदुर्गाला आले होते; ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते, आणि त्या निरीक्षणांचा वृत्तांत रॉयल सोसायटीच्या प्रकाशनात छापलेला आहे. ग्रहण, किल्ला आणि लॉकियर तिन्ही खरे. साल मात्र तीस वर्षांनी मागे सरकले. माझ्या मते विजयदुर्गाच्या वाट्याला आलेली ही खरी हकिकत ऐकीव हकिकतीपेक्षा अधिक सांगण्यासारखी आहे.

अशा वेळी कोणता मार्ग घ्यावा? वादाचा परिच्छेद तिसऱ्यांदा टाकू नये. लेखाच्या चर्चापानावर जावे, दोन्ही बाजूंचे संदर्भ शेजारी शेजारी ठेवावेत, आणि कोणता स्रोत घटनेच्या जवळचा व तपासलेला आहे याची चर्चा करावी. हेलियमच्या लेखात शोधाचा इतिहास कागदांप्रमाणे द्यावा. स्थानिक समजूत ही समजूत म्हणून, तसे स्पष्ट सांगून, विजयदुर्गाच्या लेखात १८९८ च्या मोहिमेसोबत द्यावी. विकिपीडियाच्या तटस्थतेचा अर्थ दोन्ही दाव्यांना समान जागा देणे असा नाही. पुराव्याच्या वजनाप्रमाणे जागा देणे असा आहे. ‘आमच्या गावात सगळे हेच सांगतात’ हे विधान विद्यार्थी अगदी प्रामाणिकपणे करतो, आणि त्याला झिडकारू नये. पण गावात सांगितले जाते एवढेच त्यावरून सिद्ध होते, आणि लेखात तेवढेच लिहावे.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

खालील प्रसंगी स्वतः दुरुस्ती करण्याचा प्रयत्न सोडून द्यावा.

तुमच्या खात्यावर प्रतिबंध आला असेल तर दुसरे खाते काढून लिहू नये. त्याने पहिला प्रतिबंध वाढतो आणि दुसरे खातेही जाते. सदस्य-चर्चापानावर कारण विचारून प्रचालकाकडे (पाने वगळण्याचे व प्रतिबंध घालण्याचे अधिकार असलेल्या सदस्याकडे) विनंती करावी. वगळलेला मजकूर तुमच्याकडे उरला नसेल तरी प्रचालकालाच विचारावे. वगळलेले पान त्याला दिसते, आणि प्रताधिकारभंग नसेल तर त्याची प्रत मिळू शकते.

विषय औषधाचा किंवा उपचाराचा असेल तर त्या शाखेच्या जाणकाराने वाचल्याशिवाय लेख प्रकाशित करू नये. कोकमाच्या फळात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते हे रसायनशास्त्राचे विधान झाले. त्यामुळे वजन उतरते हे वैद्यकीय विधान झाले, आणि दोघांना एकच संदर्भ पुरत नाही. विंचूदंश, सर्पदंश, किनाऱ्यावरील विषारी मासे यांवरील उपचाराच्या ओळींबाबतही हेच, कारण त्या ओळी वाचून कोणीतरी घरी उपचार करू शकतो.

एखादे पुस्तक किंवा प्रबंध मूळ लेखकाच्या संमतीने वापरायचा असेल, तर ‘सरांनी तोंडी सांगितले आहे’ एवढ्यावर जाऊ नये. ज्याच्याकडे प्रताधिकार आहे त्याने स्वतः विकिमीडियाच्या परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांकडे ईमेलने लेखी संमती पाठवावी लागते. प्रताधिकार प्रकाशकाकडे आहे की लेखकाकडे, हेच स्पष्ट नसेल तर मजकूर न वापरणे उत्तम.

लेखाच्या इतिहासात कोणाचा फोन क्रमांक, पत्ता किंवा अल्पवयीन विद्यार्थ्याची ओळख गेली असेल, तर चर्चापानावर किंवा चावडीवर (विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर) त्याची वाच्यता करू नये. नुसता मजकूर पुसून उपयोग नसतो, कारण जुनी आवृत्ती इतिहासात उघडता येते, आणि जाहीर विनंतीने ती आणखी लोकांच्या नजरेस पडते. प्रचालकाला खाजगी ईमेल करावी आणि ती आवृत्तीच लपवून घ्यावी.

आणि वाद विषयाचा न राहता माणसांचा झाला असेल, तर विद्यार्थ्याने त्यातून बाहेर पडावे आणि उपक्रम चालवणाऱ्या शिक्षकांनी चावडीवर एकदाच, शांतपणे प्रश्न मांडावा. त्यात लेखाचे नेमके शीर्षक, उलटवलेल्या बदलाची तारीख, नोंदवलेले कारण, आपण काय बदलले आणि कोणत्या संदर्भावर ते उभे आहे, एवढेच असावे; विद्यार्थ्याच्या गुणांचा आणि प्रकल्प सादर करण्याच्या मुदतीचा उल्लेख त्यात करू नये, कारण तेथील सदस्य विनावेतन, आपल्या सवडीने काम करतात. उत्तर यायला आठवडा लागला तरी तोच प्रश्न दुसऱ्या पानावर पुन्हा टाकू नये, आणि तोपर्यंत मूल्यमापनासाठी शिक्षकांनी धूळपाटीवरील आवृत्ती ग्राह्य धरावी.